हिरवट पडद्यावरची कोकरं

शेवाळलेल्या हौदाच्या तळाशी दुपारचं ऊन उतरावं आणि पाणी क्षणभर पिवळसर हिरवं व्हावं, तसा तो रंग होता. हातात धरून खेळायच्या एका करड्या यंत्राचा तो पडदा, जेमतेम काड्यापेटीएवढा. त्याला स्वतःचा उजेड नव्हता. सावलीत धरला की तो मुका होई; उन्हाकडे जरा कलता केला की त्यातली चित्रं जागी होत. शहरातली मुलं म्हणे यावरून त्याला नावं ठेवायची. पण जत तालुक्यातल्या आमच्या माळावर, जिथे प्यायच्या पाण्यासाठीही टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसावं लागे, तिथे ऊन ही एकच गोष्ट कुणाकडे मागावी लागत नसे. सातासमुद्रापलीकडे घडलेल्या त्या यंत्राला नेमकं जे हवं होतं, तेच तेवढं आमच्याकडे उदंड होतं! आजही डोळे मिटले की बाभळीच्या सावलीतून मुद्दाम बाहेर सरकून बसलेले माझे वडील मला दिसतात. डोईला पटका, खांद्यावर घोंगडी, समोर विखुरलेली मेंढरं, आणि दोन्ही हातांच्या ओंजळीत धरलेला तो हिरवट चौकोन.

ते यंत्र हा माझ्या आयुष्यातला पहिला सौदा. मी चौदा-पंधरा वर्षांचा असेन. सुट्टीवर आलेला एक जवान आठवडी बाजारात ते विकायला बसला होता, आणि माझ्या हातात आईनं सूत काढून विणून घेतलेली, विकायला आणलेली घोंगडी होती. बराच वेळ घासाघीस करून मी घोंगडी दिली आणि यंत्र घेतलं. वर चार सेल आणि खेळाची एक कॅसेट उकळली. घरी आल्यावर आबांनी, म्हणजे वडिलांनी, माझा कान पिळला. "घोंगडी थंडीत अंगाव घेता येती. ह्ये काय अंगाव घ्यायचं?" पण दुसऱ्याच दिवशी मेंढरांमागे निघताना त्यांनी हळूच विचारलं, "त्ये तुझं किणकिणं कुठं हाय रं?" आणि त्या दिवसापासून ते यंत्र माझं उरलं नाही.

खेळ अगदी साधा होता. एक इवलासा माणूस पडद्याच्या डाव्या कडेनं निघायचा, वाटेत विखुरलेली पिल्लं एकेक करून त्याच्यामागे रांगेला लागायची, आणि ओढे, खड्डे, मधेच झडप घालणारं एक काळं जनावर चुकवत ती सगळी रांग उजवीकडच्या कुंपणात पोचवायची. एखादं पिल्लू मागे राहिलं की किणकिण थांबून एक उदास सूर वाजे. मी घाईनं खेळायचो. चार गमावून दोन पोचवायचो. आबा मात्र एकही मागे टाकत नसत. ओढ्याच्या काठाला थांबत, शेपटाकडचं येऊ देत, मगच पुढे होत. त्यांना हा खेळ शिकवायची गरजच काय होती? जन्मभर ते दुसरं काय करत आले होते! सेल उतरले की ते तापल्या दगडावर वाळत घालत, आणि त्या वाळवलेल्या सेलांवर आणखी एक डाव निघाला की आटलेली मेंढी पुन्हा दुधाला आल्यासारखे हरखून जात.

आमचा वाद एकाच गोष्टीवरून होई. ती पिल्लं कशाची? चार-पाच ठिपक्यांपलीकडे त्यांना रूप नव्हतं. आबा म्हणत, कोकरं. मी म्हणे, कोंबडीची पिल्लं. बघा, कशी टुणटुण उड्या मारतात. "मग कोकरू उड्या मारत न्हाई व्हय? कवा बघितलंस तरी का नीट, का नुस्ती भाकरीच खातूस?" असं म्हणून ते मला उडवून लावत. मी हट्टानं वाद वाढवी, तेही मागे हटत नसत. वर्षानुवर्षं तो एक वाद आम्ही बापलेकांनी पुरवून पुरवून वापरला. एरवी आमच्यात बोलायला होतं तरी काय?

सौदा मला शिकवला तो आबांनीच. मेंढरांच्या बाजारात टॉवेलाखाली हातात हात घालायचा, बोटांच्या दाबानं भाव सांगायचा, आणि चेहरा मात्र पुसलेल्या पाटीसारखा ठेवायचा. आपली नड समोरच्याला दाखवायची नाही, हा पहिला धडा. दुसरा धडा त्याहून कामाचा. "समोरचा लवकर व्हय म्हणाला, की जनावराचं दात परत बघायचं," असं ते बजावत.

एवढ्या शिदोरीवर मी सांगलीला आलो. हळदीच्या पेठेत पोती उचलली, आणि आज त्याच पेठेत माझं दुकान आहे. कुणाची शिफारस नाही, कुणाचा आधार नाही. जे मिळवलं ते जिभेच्या धारेवर. आबांच्या दोन धड्यांत मी माझा एक तिसरा घातला. समोरच्याला वाक्य पुरं करू द्यायचं नाही. माणूस आपल्या मालाची खरी बाजू वाक्याच्या शेवटी मांडतो, आणि ती एकदा ऐकली की आपला जोर ढिला पडतो. या सवयीनं मला पुष्कळ दिलं. तिनं काय नेलं, ते आज सांगतो.

आई गेल्यावर आबा मेंढरं भावकीत सोपवून माझ्याकडे राहायला आले. पत्र्याच्या पेटीत दोन धोतरं, एक घोंगडी आणि ते यंत्र. पण तोवर त्यांच्या डोळ्यांच्या आतला पडदा झिजायला लागला होता. मिरजेच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की नजरेचा मधला भाग हळूहळू जाणार, गेलेला परत यायचा नाही. जे मोठं आणि ठळक असेल ते अजून काही महिने दिसेल, तेवढंच. आबा गच्चीवर जात, यंत्र उन्हाकडे कलतं करत, आणखी कलतं करत, आणि तसंच खिशात ठेवत. एकदा मला म्हणाले, "सांगलीचं ऊन लय बारीक हाय रं."

माझी मुलगी स्वाती पुण्याला शिकते. तिनं शोधून सांगितलं की टीव्हीला जोडायचा एक जुना गेम-कन्सोल असतो, त्याच्या बुडाशी बसवायची एक बैठक मिळते, आणि तिच्यात हातातल्या यंत्राची कॅसेट खोचली की तोच खेळ टीव्हीवर उमटतो. काड्यापेटीतलं चित्र खिडकीएवढं! मला इतका आनंद कित्येक वर्षांत झाला नव्हता. आबांना त्यांचा खेळ पुन्हा दिसणार होता. आणि खोटं कशाला बोलू, आमच्या जुन्या वादाचा निकालही लागणार होता, बहुधा माझ्या बाजूनं.

तो संच साताऱ्यात जुन्या वस्तूंच्या एका दुकानात मिळाला. दुकानदार माझ्याहून वयानं मोठा, संथ बोलणारा, प्रत्येक वस्तू फडक्यानं पुसून मगच पुढे ठेवणारा. त्यानं कन्सोल ठेवला, बैठक ठेवली, वायरी ठेवल्या, आणि सगळ्यात शेवटी कागदी पाकिटातली एक छोटी सीडी ठेवली. मी भाव पाडायला घेतला. तो जिथे अडून बसला तिथे मी सीडीवर बोट ठेवलं. आमचा खेळ आमच्या कॅसेटमध्ये आहे, हा दुसरा खेळ कशाला गळ्यात मारता, ती काढा आणि तेवढं कमी करा! "आवं पाव्हणं, ती असू द्या. तिच्याबिगर..." एवढंच तो म्हणाला. मी लगेच तोडलं, "तिच्याबिगर तुमचा भाव उतरतोय, ते कळतंय मला!" दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. त्यानं पुन्हा तोंड उघडलं, मी पुन्हा ते मिटवलं. शेवटी त्यानं सीडी पाकिटात सरकवली, माझ्याकडे एकवार पाहिलं आणि म्हणाला, "बरं. तुमी म्हंता तसं." कराड येईपर्यंत मी गाडीत एकटाच हसत होतो.

रविवारी सकाळी घरात सणासारखी गडबड होती. आबा दाढी करून, पटका बांधून टीव्हीसमोर बसले. खिशातून कॅसेट काढून, फुंकर मारून त्यांनी माझ्या हातात दिली. मी ती खोचली, बटण दाबलं. पडद्यावर नुसता एक चौकोन गरगरत राहिला आणि खाली इंग्रजीत एक ओळ आली. स्वातीला फोन करून ती वाचून दाखवली. ती म्हणाली, "अहो पप्पा, सीडी टाका ना! त्या सीडीशिवाय खालची बैठक चालूच होत नाही. दिली असेल की त्यांनी." मी फोन बंद केला. आबा त्या फिरणाऱ्या चौकोनाकडे कौतुकानं पाहत होते. म्हणाले, "लय भारी हाय. पर माणूस कवा येनार?"

चूक माझी होती हे मला त्याच क्षणी कळलं, आणि म्हणूनच मी दुकानदारावर तुटून पडलो. फोनवर त्याला लुच्चा म्हटलं, लबाड म्हटलं. त्यानं ऐकून घेतलं. "पाकीट बाजूला ठिवलंय. कवाबी या आन् घिऊन जावा." त्याचा तो शांतपणा मला शिवीसारखा झोंबला. तुमच्या दारात पुन्हा पाऊल ठेवणार नाही, असं सुनावून मी फोन आपटला. मग हळदीचा हंगाम आला. साताऱ्याच्या माणसानं मला कसं फसवलं, ही कहाणी मी पेठेत चहाच्या प्रत्येक कपाबरोबर सांगितली; आणि सांगता सांगता ती मलाच खरी वाटू लागली. आबा पहिले काही रविवार टीव्हीसमोर येऊन बसले. "आलं का रं त्ये?" मी म्हणे, बघू. नंतर ते बसत, पण विचारत नसत. नंतर बसणंही थांबलं. सांगलीहून सातारा काही लांब नाही. सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला परत येतो. पण रागाला ते अंतर कुठे तोडता येतं?

अखेर स्वातीच पुण्याहून येताना साताऱ्यात उतरली. पाकीट होतं तिथेच होतं. वर पेन्सिलीनं लिहिलं होतं, सांगलीचे पाव्हणे. त्यानं तिच्याकडून काही घेतलं नाही, उलट चहा पाजला. बोलता बोलता तिनं आजोबांच्या डोळ्यांचं सांगितलं. तो हातातलं फडकं खाली ठेवून म्हणाला, "ह्ये आदी का न्हाई सांगितलं, पोरी? मीच आलो असतो की घिऊन." तिनं हे वाक्य मला जसंच्या तसं ऐकवलं, आणि या वेळी मला ते मधे तोडता आलं नाही. आपली नड दाखवायची नाही! दुकानात तासभर मी बोललो, पण हे माझ्या आबांसाठी आहे, एवढे शब्द तेवढे तोंडातून निघाले नव्हते. अजूनही एखादे वेळी मनात येतं की त्यानं माझा दंड धरून, ओरडून सांगायला हवं होतं. एवढा कसला संथपणा? पण हा राग आता पूर्वीसारखा पेटत नाही. त्याला जळायला काही उरलेलं नाही.

सीडी आत गेली, बैठक जागी झाली आणि टीव्हीतून ती किणकिण घुमली. आबांची मान चटकन वर झाली. पडद्यावर तो माणूस आला, वीतभर उंच, आणि त्याच्यामागे पिल्लांची रांग. चोच होती, दोन पाय होते, शेपटाला तुरा होता. इतकं स्वच्छ, की आंधळ्यालाही... आणि इथे माझा विचार थबकला. आबा मान एका बाजूला वळवून, नजरेच्या कडेनं काही पकडता येतं का ते बघत होते. "उजेड हालतोय," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "काय हाईत रं ती? कोकरंच न्हवं?"

"व्हय आबा," मी म्हटलं. "कोकरंच हायत."

मग त्यांच्या सुरकुत्यांतून हसू पसरत गेलं. माझा हात चाचपून त्यांनी बोटं दाबली, पूर्वी टॉवेलाखाली दाबत तशी. "लवकर व्हय म्हणालास, लेका," ते म्हणाले. "म्हंजी कोकरं न्हाईत ती. असूंदेत. चल, खेळ तू. कुणाला मागं टाकू नगंस."

आता मी खेळतो आणि ते ऐकतात. माझी घाई झाली की तो उदास सूर वाजतो, आणि शेजारून आवाज येतो, "ऱ्हायलं बघ एक. थांब की जरा!" मी थांबायला शिकतो आहे, फार उशिरा.

काल दुपारी कॅसेट पुन्हा त्या जुन्या यंत्रात घातली आणि गच्चीवर गेलो. उन्हाकडे जरा कलतं केलं. तोच शेवाळी रंग जागा झाला, त्यात तेच चार-पाच ठिपके टुणटुणत निघाले. आणि कितीही डोळे ताणले तरी मला त्यांना चोच दिसेना. मऊ पाठीची, मान खाली घातलेली, एकमेकांना बिलगून चाललेली ती कोकरंच होती. बराच वेळ बघत राहिलो. मग खाली जायला निघालो. आबांना हे सांगायचं आहे, पण आता सहजासहजी त्यांना ते पटायचं नाही. पहिल्यांदा मी साफ नाकारीन, कोंबडीचीच पिल्लं म्हणून भांडेन, ते चिडेपर्यंत अडून बसेन. मग कुठे, त्यांचं सगळं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतल्यावर, हळूहळू मान्य करीन.