सात दिवसांत राजपुत्र

एका ऑफिसात तीस वर्षं काढली की पेन्शनसोबत किस्सेही मिळतात. पेन्शन महिन्यातून एकदा येते, किस्से मात्र ताट समोर आलं की हजर! माझे निम्मे किस्से धोटेचे. तो माझा मित्र होता आणि मी त्याच्यावर जन्मभर जळलो. आता या वयात लपवायचं तरी कशाला?

आमचं ऑफिस नागपूरच्या धान्यबाजारात. मागे गोदाम, पुढे आम्ही बाबू लोक. धोटे माझ्या शेजारच्या टेबलावर. उंच, गोरा, डोक्यावर केसांचं रान! माझे केस तेव्हाच मागे सरकायला लागले होते. पण एका बाबतीत मी त्याच्या पुढे होतो. गॅदरिंगच्या नाटकात सलग पाच वर्षं राजपुत्र मीच. नाटक बदलायचं, राजपुत्र नाही.

त्या वर्षी नाटक बसवणारे हेडक्लार्क शेषरावजी मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाले, "वसंता, राजपुत्राच्या आधी त्याचं पोट एन्ट्री घेऊन राहिलं ना गा!"

"मग मी करतो ना राजपुत्र," धोटे लगेच म्हणाला. जसा काही वाटच पाहत होता.

पोट त्यालाही होतंच. तेव्हा शेषरावजींनी निकाल दिला. टायपिस्ट कमलताईंच्या भावानं मुंबईहून सात दिवसांचं कडक डाएट कागदावर लिहून पाठवलं होतं. ते दोघांनी करायचं. आठव्या दिवशी ज्याचं वजन जास्त उतरेल तो राजपुत्र, दुसरा द्वारपाल. द्वारपालाला अख्ख्या नाटकात एकच वाक्य होतं, "महाराज येत आहेत!"

वजन करायला गोदामातला पोत्यांचा काटा. त्यावर नथ्थूजी मापारी. आकडा तेच पाहायचे आणि घसा ताणून तेच पुकारायचे. त्यांच्या आकड्यावर शंका घ्यायची बाजारात कोणाची छाती नव्हती. धोटे आणि मी दोघंही जरीपटक्याला राहायचो, त्यामुळे पहिल्या सकाळीही रोजच्यासारखं मीच त्याला माझ्या स्कूटरवर मागे बसवून आणलं.

"वसंतभाऊ अठ्ठ्याहत्तर! धोटेभाऊ ऐंशी!" नथ्थूजींनी पुकारलं आणि शेषरावजींनी लिहून घेतलं.

*

पहिला दिवस फक्त फळांचा. मी दोन पेरू आणि अर्धी पपई घेऊन बसलो. धोटेनं टेबलाचा ड्रॉवर उघडला आणि संत्राबर्फीचा डबा काढला.

"हे काय बे?"

"फळ! संत्रं फळ नाही तं काय हाये?"

"अरे, पण बर्फी?"

"मग? रसात संत्रं हाये, बर्फीत संत्रं हाये. कागदावर सोलून खा असं कुठं लिहिलं हाये, दाखव!"

मी कागद तीनदा वाचला. खरंच लिहिलेलं नव्हतं.

*

दुसरा दिवस पालेभाज्यांचा. मी बिनमिठाचा पालक गिळत होतो. धोटे सांबारवडीचा पुडा घेऊन आला. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. ती पारीत भरायची आणि भरपूर तेलात तळायची, की झाली सांबारवडी.

"पालेभाजीच हाये गा," तो म्हणाला. "थंडी वाजू नये म्हणून वरून पांघरूण घातलं हाये फक्त!"

एप्रिल महिना होता! खोलीतल्या सगळ्या बायका हसल्या. मी तीन महिने बसून विनोद तयार केला असता तरी इतक्या हसल्या नसत्या.

कमलताईंनी स्वतःही डाएट सुरू केलं होतं, पण त्यांनी त्याला रजेचे नियम लावले. "आज घरी पाहुणे हायेत जी, मी आजचा दिवस कॅरी फॉरवर्ड केला." कधी हाफ डे डाएट, कधी मेडिकलवर. त्यांचे त्या वर्षीचे चार दिवस रिटायर होईपर्यंत शिल्लक होते.

*

तिसऱ्या दिवशी दूध. माझ्यापुढे बिनसाखरेचं पातळ दूध, धोटेपुढे रबडी. "दूधच हाये, जरा वेळ जास्त उकळलं!"

त्याच संध्याकाळी आमची बायको म्हणाली, "धोटे भावजींनीही तेच डाएट धरलं हाये ना? मग ते कसे टवटवीत दिसून राहिले? अन् तुम्हीच काहून असे वाळल्या वांग्यासारखे?"

ते मला लागलं. उपास परवडला, पण ती तुलना नको. चौथ्या दिवशी सकाळी धोटे नेहमीसारखा कोपऱ्यावर उभा होता. मी स्कूटर न थांबवताच ओरडलो, "क्लच खराब हाये! डबल सीट नाही झेपत!"

क्लच ठणठणीत होता. बिघाड माझ्यात होता. त्या दिवसापासून धोटे सायकलनं यायला लागला.

*

सातवा दिवस सुपाचा. धोटेनं आदल्या दिवशीच जाहीर केलं होतं, "सूप म्हणजे काय? पातळ, गरम अन् तिखट. म्हणजे सावजीचा मटन रस्सा!" आणि तो खरंच जाऊन दोन वाट्या पिऊन आला. बोट्या टाकून द्यायच्या तर पाप लागतं, म्हणून त्याही खाल्ल्या म्हणे.

मी घरी दुधीभोपळ्याचं पाणी पीत होतो. सात दिवसांत चोरून एक शेंगदाणासुद्धा तोंडात टाकला नव्हता. तरी जिवाला धास्ती होती. या माणसाला नशीब आंदण मिळालंय, याचं काही सांगता येत नाही!

म्हणून त्या संध्याकाळी मी एक काम केलं. नथ्थूजींना टपरीवर नेलं, कट चहा नाही, फुल चहा पाजला, वर पान खिलवलं आणि म्हणालो, "नथ्थूजी, उद्या जरा आमच्याकडे लक्ष असू द्या."

नथ्थूजींनी छातीवर हात ठेवला. "भाऊ, तुम्ही बिलकुल काळजी करू नका."

*

आठव्या दिवशी मी स्कूटरवरून कोरडाठाक पोहोचलो. धोटे उन्हातून सायकल मारत आला तो घामानं निथळत. शर्ट पिळला असता तर बादली भरली असती. सगळं ऑफिस गोदामात जमलं. मी काट्यावर चढलो.

"वसंतभाऊ अठ्ठ्याहत्तर!"

माझ्या पायाखालची जमीन सरकली. सात दिवस पाला खाऊन एक छटाकसुद्धा नाही?

धोटे चढला. नथ्थूजींनी त्याला पाहिलं, त्याच्या शर्टाला बोट लावून पाहिलं आणि पुकारलं, "धोटेभाऊ... अठ्ठ्याहत्तर!"

दोन किलो उतरला! बर्फी, रबडी, मटन खाऊन! टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. कशा वाजवल्या ते माझं मला माहीत.

*

नाटकात धोटेच्या शेरवानीचं बटण तलवार उपसताना तुटून थेट पहिल्या रांगेत गेलं. मी द्वारपालाच्या वेशात भाला धरून मनातल्या मनात देवाचे आभार मानले. पण धोटे पोटावर हात ठेवून म्हणाला, "शत्रू पाहून आमची छाती फुगते!" हॉल डोक्यावर! सगळ्यात जोरात आमची बायको हसली.

पुढची अकरा वर्षं राजपुत्र तोच. आणि अकरा वर्षं "महाराज येत आहेत" मी.

*

मग नथ्थूजी रिटायर झाले. निरोपाच्या कार्यक्रमात त्यांना बोलायला सांगितलं. माईक कधी धरला नव्हता, काट्यावरून पुकारायच्या आवाजातच बोलले.

"चाळीस वर्षं तोललं, कोणासाठी काटा हलवला नाही. फक्त एकदा! आमच्या वसंतभाऊंसाठी!"

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. धोटे माझ्या शेजारीच बर्फी खात बसला होता.

"आदल्या दिवशी त्यांनी मले फुल चहा पाजला, पान खिलवलं. म्हणाले, लक्ष असू द्या. मग माणसानं चहाले जागावं का नाही? धोटेभाऊचा माल ओला होता, त्याचे दोन किलो ओलीचे कापले. ओल्या धान्याचं वजन कापायचं, हा बाजाराचा कायदाच हाये. अन् वसंतभाऊंचं भरत होतं पंच्याहत्तर, ते मी वरून तीन किलो चढवून पुकारलं! इतकं झुकतं माप मी माझ्या सख्ख्या भावाच्या तुरीले नाही दिलं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. धोटेनं हातातली बर्फी खाली ठेवली.

"काहून गा वसंता," तो म्हणाला, "कोणता चहा?"