काकूंच्या पानावरचे महाराज

अमेरिकेत मिशिगनमधल्या आमच्या नोव्हायच्या मराठी मंडळात किस्से जमवावे लागत नाहीत, बेसमेंटमधल्या रिकाम्या खोक्यांसारखे आपोआप साठतात. मी मंडळाच्या अंकाचा संपादक, त्यामुळे माझ्याकडे जरा जास्तच! त्यातले निम्मे सुमनकाकूंचे. काकू कार कंपनीत ड्राफ्टिंग, म्हणजे सुट्या भागांची ड्रॉइंग्ज काढायचं काम, करून रिटायर झाल्या आणि अंकात व्यंगचित्रांचं पान चालवू लागल्या.

* * *

तेव्हा अध्यक्ष होते अण्णा. सलग नऊ वर्षं, बिनविरोध! काकूंनी चित्रात त्यांना महाराज करून, मुकुट घालून फोल्डिंगच्या खुर्चीवर बसवलं, हातात राजदंड म्हणून माइक. अण्णा भडकले, असली चित्रं चालणार नाहीत म्हणाले. पुढच्या अंकाला काकूंनी तेच चित्र पाठवलं. फक्त मुकुट मोठा केला होता.

* * *

मग निवडणुकीला निखिल उभा राहिला. पुण्याचा पोरगा, गाड्यांच्या ब्रेकवर काम करतो. मंडळात लोकशाही आणणार म्हणून त्याने काकूंचे महाराज सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवले. "काकू, तुमच्यासारखी निर्भीड माणसं हवीत यार!" अण्णा पडले, निखिल अध्यक्ष झाला.

काकूंनी लगेच नवं चित्र काढलं. खुर्ची मोडायला निघालेला निखिल हातोडा बाजूला ठेवून जरा बसून बघतोय. मी पोट धरून हसलो. निखिलला काही हसू आलं नाही.

* * *

कमिटीने नियम काढला: चित्र आधी कमिटी तपासणार, सगळ्यांच्या सह्या झाल्या तरच छापायचं, नाहीतर पान बंद. माझं डोकंच फिरलं. राजीनामा देतो म्हटलं, तर काकू म्हणाल्या, "तू गप्प बस. पान बंद होणार नाही."

* * *

काकूंनी निखिलचं तेच चित्र तपासायला पाठवलं. निखिलने चित्रातलं आपलं पोट कमी करायला सांगितलं, केलं. सेक्रेटरी ऋचाला हातोडा हिंसक वाटला, काढला. असं एकेक करत शेवटी निखिल म्हणाला, मी अजून ओळखू येतोय, मला पुसाच. काकूंनी पुसलं. एका शब्दाने वाद घातला नाही. उरली नुसती रिकामी खुर्ची.

कंपनीतल्या ड्रॉइंगवर असतो तसा काकूंनी कोपऱ्यात बदलांचा बारीक तक्ता केला होता. रोज तसली ड्रॉइंग्ज पास करणारी आमची कमिटीतली इंजिनिअर मंडळी! सवयीने, न वाचता, सगळ्यांनी भराभर सह्या ठोकल्या. मी नियमाप्रमाणे चित्र छापलं, तक्त्यासकट.

"बदल १: अध्यक्षांचं पोट कमी केलं. सूचना: अध्यक्ष.
बदल २: हातोडा काढला. सूचना: सेक्रेटरी."

असं करत करत खाली:

"बदल ७: अध्यक्ष पुसले. सूचना: अध्यक्ष. मंजुरीची सही: अध्यक्ष."