नवशीच्या घरातला डबा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला सांगायची वेळ आली नाही — त्याला माहीतच होतं. बहिणीला सांगावं असं दोनदा वाटलं, दोन्ही वेळा मी विषय बदलला. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा आता हे पोटात ठेवून घास उतरत नाही, म्हणून.

मी अंगणवाडी सेविका. बदलापूरच्या अलीकडे नदीकाठी आमचं गाव. आम्ही इथले जुने शेतीवाले. आता शेतं गेली, टॉवर आले. नदीच्या वरच्या अंगाला, जंगलाला लागून कातकरवाडी आहे — वीस-बावीस घरं. तिथली मुलं माझ्याच अंगणवाडीत, त्यामुळे वाडीत रोजचं जाणं. आणि रोजचा काळा चहा नवशीकडे.

नवशी माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. वाडीखालच्या डोहाची राखण तिच्या घराकडे होती. सासऱ्याकडून नवऱ्याकडे आली, तो गेल्यावर हिच्याकडे. पावसाळ्यात मासा अंड्यांनी भरलेला असतो, तेव्हा दोन महिने डोहात कुणी जाळं टाकायचं नाही — घरात चूल पेटो न पेटो. एरवीही बोटाएवढं पिल्लू जाळ्यात आलं तर परत पाण्यात. आमच्या गावातले दोघे बापे एकदा मासे मारायला ब्लीचिंग पावडर घेऊन डोहावर गेले, तर ही बाई कोयता घेऊन समोर उभी राहिली. दोघं मुकाट परत आले. हे सगळं मला माहीत होतं.

वाडीने वनहक्काचा दावा करायचा ठरवलं — डोहातले मासे धरायचा आणि डोह राखायचा हक्क आमचा, पिढ्यांचा. अर्ज मीच लिहून दिला. नवशीच्या अंगठ्याला शाई मीच लावली. ग्रामसभेत ठराव तेवढा व्हायचा राहिला होता.

त्याच्या चार दिवस आधी — कसं सांगू? — चैत्रातली दुपार, मी वाडीवरून परत येत होते. ओढ्याच्या मोरीवर टँकर उभा. पाइप ओढ्यात सोडलेला. तो ओढा पुढे डोहालाच मिळतो. टँकर आमचा होता. नवरा केबिनमध्ये बसून फोनवर बोलत होता. मोरिवलीकडच्या कारखान्यातलं खराब पाणी तो लांब कुठेतरी नेऊन रिकामं करतो, असं मला वाटायचं. वाटायचं का? की मी कधी विचारलंच नव्हतं? त्याने मला पाहिलं. मी पदर नाकाला लावला आणि चालत राहिले.

दुसऱ्या दिवशी डोह पांढरा दिसत होता. मासे उलटे. मरळ, हातभर लांब वाम. नवशी कमरेएवढ्या पाण्यात उतरून ते टोपलीत भरत होती — कुत्री खाऊन मरतील म्हणून पुरायला. तिचे पाय भाजल्यासारखे लाल झाले. मलम मी दिलं. तेव्हा आम्ही दोघीच होतो. तेव्हा सांगायला काय झालं होतं मला?

ग्रामसभेत गावचा एक पुढारी उठला. डोहाचा ठेका त्याला हवा होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणाला, "हे काय डोह राखणार? यांनीच पावडर टाकली. नवशीच्या घरात डबा आहे." दोघं जाऊन डबा घेऊन आले. अर्धा रिकामा.

डबा मी दिलेला होता. विहिरीत टाकायची ब्लीचिंग पावडर — पंचायतीकडून माझ्याकडे आली, आणि वाडीच्या विहिरीसाठी मी नवशीकडे ठेवली. किती टाकायची तेही मीच शिकवलं होतं.

सरपंच म्हणाले, "ताई, तुम्ही रोज वाडीत जाता. हा डबा तिथे पाहिलात?"

"पाहिला," मी म्हणाले.

या शब्दात खोटं काही नव्हतं, नाही का? पण मी तिथेच थांबले. नवशी घाबरलीही नाही. मी आहे म्हटल्यावर तिला हायसंच वाटलं असावं. ती माझ्याकडे वळली. "बाय, तूच दिलास ना? इहिरीत टाकाला. सांग ना यांना."

सगळे माझ्याकडे बघत होते. दारात माझा नवरा हाताची घडी घालून उभा होता.

मी म्हणाले, "मी वाटीभर दिली होती. डबा कुठून आला, मला माहीत नाही."

एवढंच. यापेक्षा जास्त बोलावंही लागलं नाही. ठराव पडला. त्या संध्याकाळी नवऱ्याने जिलेबी आणली. मी खाल्ली.

डोहाचा ठेका त्या पुढाऱ्याला मिळाला. त्याने मुरबाडकडून माणसं आणली आणि उरलासुरला मासा ऐन आषाढात काढला, अंड्यांसकट. दिवाळीनंतर वाडीतली निम्मी घरं वीटभट्ट्यांवर गेली. माझ्या हजेरीपटावर एकेका नावापुढे 'स्थलांतरित' लिहिताना माझं अक्षर नेहमीसारखंच सुंदर आलं. नवशीच्या घराला कुलूप नव्हतं. दाराला दोरी बांधून ती गेली.

गेल्या महिन्यात ती मला दिसली. उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये, जीन्सच्या एका कारखान्याबाहेर पायरीवर बसून पॅन्टींचे धागे कापत होती. मी वळणारच होते, पण तिने हाक मारली. सरकून जागा केली. "बस ना, बाय." मी बसले. तिने माझ्या मुलीचं विचारलं, गुडघ्यांचं विचारलं. मग कात्री तशीच हातात धरून, खाली बघत म्हणाली, "तवा तू घाबरलीस ना? नवरा व्हता तिथं. मना कललं."

तिने माझ्यासाठी कारणसुद्धा शोधून ठेवलं होतं. मला फक्त हो म्हणायचं होतं.

मी म्हणाले, "कधी गं?"

तिने मान हलवली आणि पुढची पॅन्ट मांडीवर घेतली.

मी घाबरले नव्हते. ना तेव्हा, ना आता. आपण काय बोलतोय, हे दोन्ही वेळा मला नीट कळत होतं.