डाव्या हाताचा दांडा

दुकानात आक्का कुठलीही वस्तू डाव्या हातानं द्यायची. समोरचा घेताना जरा घुटमळला की म्हणायची, "घे की. धुतलेला हाय हात."

तुमच्याही ओळखीत असा एखादा डावखुरा असेल. पण ज्या काळात पोरींचा डावा हात जेवताना फडक्यानं बांधून ठेवायचे, त्या काळातली डावखुरी बाई तुम्ही फारशी पाहिली नसणार. आक्कानं उजव्या हातानं जेवण शिकून घेतलं, उजव्यानं हळदीकुंकू लावलं, उजव्यानं संसार केला. डावा हात मोकळा व्हायचा तो फक्त तिच्या दुकानात.

तिचं दुकान म्हणजे शाहूपुरीतल्या एका बोळात चार व्हिडिओ गेमची मशीन. नवरा हयात होता तोवर तो मशीन दुरुस्त करायचा आणि आक्का गल्ल्यावर बसायची. दुपारी पोरं शाळेत असली की ती उठून मशीनपुढं उभी राहायची. पदर खोचलेला, डावा हात दांड्यावर, उजवा बटणावर. गेमच्या मशीनचा दांडा डाव्या बाजूलाच असतो. आक्का म्हणायची, "ज्यानं हे मशीन काढलं त्यो डावखुराच असणार बघ. एवढं एकच मशीन जगात माझ्यासाठी झालंय."

तिच्या विमानाच्या गेमपुढं बारावीतली पोरंसुद्धा हात टेकायची. मी तेव्हा दहावीत. बाप मार्केट यार्डात हमाल, आई चार घरची भांडी घासायची. परीक्षेच्या आधी महिनाभर आक्कानं मला दुकानात पाऊल टाकू दिलं नाही. "पास झालास की ये. नापास झालास तर बोळातनंसुद्धा जाऊ नकोस, मी दगड मारतो." कोल्हापूरच्या बायका 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात, आक्का तर जास्तच.

मी पास झालो. पुढं बीएस्सी झालो. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेजच्या फाटकाच्या आत गेलं नव्हतं, आणि हे मी लाजत सांगत नाही. पेढे द्यायला गेलो तर आक्कानं डाव्या हातानं पेढा उचलून आधी माझ्याच तोंडात कोंबला.

हाताहातांत मोबाईल आले आणि गेमची दुकानं बंद पडली. आक्काचंही पडलं. नवरा गेला, मशीनं भंगारात गेली. दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत ती एकटीच राहू लागली. आणि एक दिवस तिला लकव्याचा झटका आला. उजवी बाजू गेली.

दवाखान्यातून घरी आली तेव्हा पायात थोडा जीव परत आला होता, पण उजवा हात लोंबत होता. दाबायला म्हणून तिला एक रबरी चेंडू दिला होता. दोन दिवसांनी पाहिलं तर तो चेंडू बोळातल्या कुत्र्याच्या तोंडात.

"आक्का, चेंडू?"

"मी काय बाळ हाय व्हय चेंडू खेळायला? त्याला दिला. त्याला आवडतोय."

आजऱ्याहून तिचा धाकटा भाऊ आला. आक्का ही हाक मूळची त्याचीच; गल्लीनं ती पुढं उचलली. भाऊ माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "आता एकटीनं ऱ्हाणं बास. घर मोठं हाय, खोली हाय, खुर्ची टाकून देतो. बसायचं आणि खायचं." आक्का ऐकेना, तसा तो चिडला. "उभं तरी ऱ्हाता येतंय का तुला? चहा तरी टाकता येतोय का?"

"दिवाळी झाली की ये," आक्का म्हणाली. "अर्धा तास एका जागी उभा ऱ्हाऊन दाखवतो. आणि दोन हातांनी चहा करतो. न्हाय जमलं तर ने उचलून."

भाऊ गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती काठी टेकत माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात हजर. दोनशे पावलं यायला तिला अर्धा तास लागला होता.

"गेमचं मशीन बनव. घरात ठेवायचंय."

मी म्हणालो, "आक्का, त्यापेक्षा टीव्हीला जोडून देतो. खुर्चीत बसून निवांत खेळ."

"खुर्चीत बसायला आजरा हाय की!" असं ती ओरडली की समोरच्या दुकानातलं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं.

मग आम्ही ते मशीन बनवायला घेतलं. आत माझ्याकडचा एक लहानसा कॉम्प्युटर, जुना चौकोनी मॉनिटर, दोन स्पीकर. दांडा आणि बटणं बाहेरून मागवली. लाकडाचं काम बोळाच्या तोंडाशी असलेल्या मिस्त्रींना दिलं. मिस्त्री साठीपुढचे, नमाजी, दारं-खिडक्या आणि शोकेसमध्ये हात बसलेला. मी त्यांना नकाशा छापून दिला. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला.

"ये मिलिमीटर आपल्याला नको. सूतात सांग."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मी बसून सगळी मापं सूतात केली. बटणाचं भोक एक इंच एक सूत. बाजूच्या फळ्यांचं वळण त्यांनी नकाशा न बघता काढलं आणि ते नकाशापेक्षा देखणं निघालं. उंची आक्काच्या कोपरावर टेप धरून घेतली.

बोळात ठणाठणा काम चालू झालं तसे टोमणेही चालू झाले. शेजारची एकजण म्हणाली, "आक्का, ह्या वयात गेम?"

"तरुणपणी गिऱ्हाईक होतं. आता मोकळा हाय."

आठवड्यानं मिस्त्रींनी पेटी घरात आणून उभी केली. पुढची, दांडा-बटणांची फळी लालभडक सनमायका लावून आणलेली. मी वाकून बघितलं. दांड्याचं भोक उजव्या बाजूला, बटणांची भोकं डाव्या बाजूला.

"मिस्त्री, हे उलटं झालं."

"उलटं नाही, सुधारलं," मिस्त्री समाधानानं म्हणाले. "तुझ्या नकाशात चूक होती. मुख्य काम दांड्याचं. ते डाव्या हाताला कसं देणार? बिस्मिल्ला म्हणून उजव्या हाताला दिलाय."

आक्का पलंगावरून उठली. काठी न घेता उठली, हे आम्हाला नंतर उमगलं.

"भाई, तुम्हीबी?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. "आईनं फडक्यानं बांधला. मास्तरनं पट्टीनं फोडला. सासूनं ह्या हाताचं पाणी पिलं न्हाय कधी. आता त्यो उजवा मेलाय, शहाणा. आन् हा नावं ठेवलेला मला न्हाऊ घालतोय, खाऊ घालतोय. ह्याला एक दांडा द्यायचा तर तुम्ही त्योबी काढून घेतला?"

मिस्त्रींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग स्क्रू सोडवले, फळी हातात घेतली आणि पालथी केली. पालथी केल्यावर दांड्याचं भोक आपोआप डावीकडं आलं. लाल सनमायका खाली गेला, वर कोरं प्लायवूड.

"उद्या ह्या बाजूला सनमायका लावतो, बहेन."

"लावू नका. असंच पाहिजे मला. बांधा."

पहिल्या दिवशी तिनं डाव्या हातानं उजवा हात उचलला, मोठ्या लाल बटणावर ठेवला, आणि मग डावा दांड्यावर नेला. तेवढ्यात उजवा घसरून खाली आला. पडद्यावर विमान फुटलं.

"मेलो," आक्का म्हणाली. "परत."

असं ती दिवसाला शंभरदा मरत होती. माझ्या दुकानात जाता-येता बोळातून ऐकू यायचं: मेलो, परत. मेलो, परत. मिस्त्रींनी एका सकाळी, कुणी सांगितलं नसताना, फळीच्या उजव्या कडेला एक गोल पट्टी ठोकली. त्यानं मनगट अडून राहायचं. पंधरवड्यानं बोटं बटणावर नुसती पडण्याऐवजी दाबायला लागली. पाय मात्र दहा मिनिटांत थरथरायचे. मी खुर्ची मागं सरकवून ठेवली, तर तिनं ती अंगणात काढून त्यावर पापड वाळत घातले.

दिवाळी झाली. भाऊ जीप घेऊन आला, मागच्या सीटवर गादी अंथरून. मीही दुकान टाकून गेलो होतो. आक्का मशीनपुढं उभी होती, पाठमोरी.

"आक्का, आलोय मी."

"दिसतंय. घड्याळ बघ."

"मागं तरी वळ की."

"वळलो आन् विमान फुटलं तर जबाबदार तू."

भाऊ उंबऱ्यावरच टेकला. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. तिच्या मानेवरून घाम ओघळत होता. पंचविसाव्या मिनिटाला उजवा गुडघा वाकला. मी पुढं झालो, तर भावानं माझा दंड धरला. "नको. ती मारंल तुला." तीस मिनिटं झाली तेव्हा तो म्हणाला, "झाला गं अर्धा तास. बास."

"राऊंड संपू दे."

चाळीस मिनिटांनी तिनं दांडा सोडला. मशीनला धरून वळली, भिंतीला धरून स्वयंपाकघरात गेली. गाळणी उजव्या हातात, पातेलं डाव्या. निम्मा चहा ओट्यावर सांडला. उरलेला तिघांत वाटला, तो दोन-दोन घोट झाला. भावानं कप रिकामा करून खाली ठेवला आणि गादी गुंडाळायला जीपकडं गेला.

त्यानंतर आक्का तीन वर्षं त्याच दोन खोल्यांत राहिली. रोज उभी राहून खेळली. चिडली, भांडली, कुणाच्याही दारात बसली नाही. दुसरा झटका आला तो मोठा होता. दवाखान्यात न्यायला वेळच मिळाला नाही.

तेराव्याला भाऊच सगळं बघत होता. मशीन भिंतीला सरकवलेलं, त्याचा पडदा बंद. त्यापुढं पाटावर तिचा फोटो. फोटोपुढचं ताट वाढायला तो स्वतः बसला. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर त्यानं उजवीकडं वाढली. भाजी आणि आमटीची वाटी डावीकडं ठेवली.

नात्यातली एक म्हातारी पुढं वाकली. "अरं, ताट उलटं वाढलंस. चटणी डावीकडं असती, भाजी उजवीकडं. आण, मी करतो सारखं."

भावानं ताटाच्या कडेवर हात ठेवला.

"न्हाय म्हातारे," तो म्हणाला. "हात लावू नकोस. ती जेवणार हाय, तू न्हाईस."