स्पासियाने स्वतःचा कोड बदलला नाही

बितोला शहरातल्या इस्पितळात स्पासिया आणि मी एकाच खोलीत बसायचो. डॉक्टरांनी लिहिलेलं निदान वाचायचं आणि त्याला आजाराचा नेमका कोड द्यायचा, हे आमचं काम. उपचारांची मंजुरी त्या कोडावरच मिळते.

एका शरदात, आयवारासाठी, म्हणजे हिवाळ्यासाठी साठवायच्या चटणीसाठी, लाल मिरच्या भाजताना, स्पासिया अंगणात घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, प्लास्टर निघालं, पण हात काही ताळ्यावर येईना. सुजलेला, कधी लालबुंद, कधी निळसर. बाहीची कड लागली तरी भाजल्यासारखी आग व्हायची.

तिचा नवरा कोचो म्हणाला, "हाड जुळलंय ना? मग दुखतंय कुठं, डोक्यात?"

"डोक्यात दुखत असतं तर भांडी मीच घासली असती. चल, ऊठ," ती म्हणाली.

डॉ. नाकोव यांनी घाईत कागदावर नुसतं 'हाताचं दुखणं' लिहिलं होतं. तेवढ्यावर व्यायामोपचार थोडेच मिळाले आणि थांबले. पुढच्या मंजुरीसाठी तिचा कागद आमच्या टेबलावर आला, तेव्हा तिने तो माझ्याकडे सरकवला.

"हा तू घाल. माझा कागद माझ्या हातून नको."

दुखापतीनंतर एकाच अवयवात ठाण मांडून बसणाऱ्या अशा वेदनेला वेगळं नाव आहे, वेगळा कोड आहे. आम्ही दोघींनी तो कितीदा तरी घातला होता.

मी म्हटलं, "खराच कोड घालते की. उपचार तरी सुरू होतील तुझे."

"डॉक्टरांनी लिहिलंय तेच घाल."

"अगं, तुला ठाऊक आहे ना काय झालंय ते?"

"मला नुसतं वाटतंय. ठरवायचं डॉक्टरांनी. आज माझ्यासाठी बदलशील, उद्या कुणाच्या मेहुण्यासाठी."

मी 'हाताचं दुखणं' हाच कोड घातला.

इस्पितळातलीच बाई, डॉक्टरांना वाटेत गाठू शकली असती. पण ती नंबर लावून रांगेत बसली. शेजारी तंबाखूच्या शेतात राबणारी त्रेना होती. तिने हात रुमालात गुंडाळून छातीशी धरला होता. कुणाचा धक्का लागू नये म्हणून ती भिंतीला चिकटली होती. स्पासियाने तिला हाताबद्दल विचारलं आणि आत जाताना सोबत नेलं.

"डॉक्टर, माझा हात पुन्हा बघा. आणि यांचाही बघा."

नाकोवांनी दोघींचे दोन्ही हात शेजारी ठेवून तपासले. ऊब, घाम, नखं, सगळं पाहिलं. मग चष्मा काढला.

"हे मी आधीच बघायला हवं होतं. गर्दीत राहून गेलं."

"गर्दी आम्हालाही दिसते, डॉक्टर. म्हणून तर पुन्हा आले."

निदान नीट लिहिलं गेलं, उपचार सुरू झाले. स्पर्शाची सवय व्हावी म्हणून आधी कापूस, मग लोकर, मग खरखरीत टॉवेल हातावर फिरवायचा. ती ओठ दाबून ते करायची, डोळ्यांतून पाणी वाहायचं. आरशात डाव्या हाताच्या हालचाली बघायच्या होत्या, म्हणजे उजवाच हात न दुखता हलतोय असं मेंदूला वाटावं. कोचोने खोक्यात आरसा बसवून दिला. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्रेना पुन्हा तंबाखूची पानं वाळवायला दोरीत ओवू लागली. स्पासियाची बोटं मात्र पूर्ण मिटत नाहीत, थंडीत अजून ठणकतात.

हाड जुळून महिने उलटले तरी 'हाताचं दुखणं'च लिहिलेला एखादा कागद आला, की ती कोडाला हात लावत नाही. फोन उचलते.

"डॉक्टर, यांना जरा पुन्हा बघाल का?"

नाकोव कुरकुरतात, पण रोग्याला बोलावून घेतात.