मंगळवार-शुक्रवारच्या अक्का

रिकामे हात अक्कांना बघवत नसत. स्वतःचे तर नाहीच, पण समोरच्याचेही. डायलिसिसच्या हॉलबाहेर नातेवाइकांसाठी बारा-पंधरा खुर्च्या होत्या आणि त्यांवर बसून आम्ही सगळे समोरच्या बंद दाराकडे बघत असू. चार चार तास. माझी बायको संध्या पहिल्यांदा आत गेली त्या दिवशी मीही तेच करत होतो. शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं, पिशवीत हात घातला आणि लोकरीचा मोठा गुंता माझ्या मांडीवर ठेवला.

“एवढं सोडवा की, पावणं. दाराकडं बघून मशीन लवकर थांबत न्हाय.”

पन्नाशी ओलांडलेला मी, आयुष्यात कधी लोकर हातात धरली नव्हती. नाही म्हणायचं त्राण नव्हतं म्हणून सोडवायला लागलो. साडेबाराला संध्याला बाहेर आणलं तेव्हा गुंता निम्मा सुटला होता आणि मधले दोन तास कुठे गेले ते मला कळलं नव्हतं. जाताना अक्कांनी उरलेला गुंता मोजून घ्यावा तसा माझ्याकडून परत घेतला. “शुक्रवारी फुडचं,” म्हणाल्या.

अक्का जयसिंगपूरजवळच्या एका खेड्यातल्या. जैन शेतकरी घर, पासष्टीच्या आसपासचं वय, काटक अंग, नाकावर घसरणारा चष्मा. सकाळच्या एसटीनं कोल्हापूरला यायचं आणि दुपारच्या एसटीनं परत जायचं, कारण सूर्य मावळायच्या आत घरी पोहोचून जेवण उरकायचं असे. लोकर विकतची नव्हे. गावातले जुने स्वेटर, टोपरी, मफलर उसवून आणलेली, म्हणून नेहमी गुंतलेली. तिच्यातून त्या क्रोशाच्या सुईनं फुलं विणत, फुलांची तोरणं करत. श्रावणात राख्या, गणपतीत मखराला लावायच्या झालरी, दिवाळीला तोरण आणि आकाशकंदिलाच्या शेपट्या. हे सगळं त्या कुणाला ना कुणाला देऊन टाकत. मला त्या मास्तर म्हणायच्या. मी शाळेत कारकून आहे, मास्तर नाही, असं सांगून पाहिलं. “शाळंतच हाय न्हवं? मग मास्तरच,” एवढं बोलून त्यांनी तो विषय मिटवला.

काम मात्र त्यांना नीट लागे. हळूहळू त्यांच्याकडून शिकलेले आम्ही हौशी लोक वेडीवाकडी फुलं विणायचो. अक्का ती तोंडावर नावं न ठेवता पिशवीत टाकायच्या आणि घरी जाऊन उसवायच्या. पुढच्या वेळी तीच लोकर पुन्हा आमच्या हातात. शाहूवाडीकडचे एक निवृत्त ड्रायव्हर भावासोबत यायचे, त्यांचं एक पिवळं फूल चार वेळा उसवलं गेलं. पाचव्यांदा ते म्हणाले, “अक्का, आता राहू द्या की.” अक्का म्हणाल्या, “सणाला दारात लावायचं असतंय, भाऊ. देव काय बोलत न्हाय, पण बघतोय.” ड्रायव्हरकाकांनी मान खाली घालून तेच फूल सहाव्यांदा विणायला घेतलं.

अक्कांची पेशंट म्हणजे त्यांची धाकटी जाऊ. तिला सगळे धाकटीच म्हणत, कारण अक्का तसंच म्हणत. आत संध्याच्या शेजारचा पलंग तिचा. दीडेक महिना गेल्यावर एक गोष्ट माझ्या लक्षात आली. अक्का धाकटीशी कधीच थेट बोलत नसत. “सिस्टर, पेशंटला सांगा, आज नाष्टा निम्माच झालाय, पोळीचा तुकडा पिशवीत हाय.” “मास्तर, तिला म्हणावं, पाणी बघून पी, अंगात साठतंय.” धाकटी दोन हातांवर बसलेली असताना हे चाले. ती ऐकायची आणि मुकाट्यानं पोळीचा तुकडा खायची. मला वाटलं, तिला ऐकू कमी येत असेल. तसं मी विचारलंही.

“कान चांगलं हायत तिचं,” अक्का म्हणाल्या. “आम्ही बोलत न्हाय. बारा वर्सं झाली.”

मग विणता विणता, मान वर न करता त्यांनी सांगितलं. दोन भावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा शेत, विहीर, भांडी सगळं शांतपणे वाटलं गेलं. सासूबाईंची शिलाई मशीन राहिली. तिच्यावर अक्कांनी वीस वर्षं गल्लीतल्या पोरींचे फ्रॉक शिवले होते, धाकटीच्या दोन्ही मुलांची झबली शिवली होती. त्यांना ती मशीन हवी होती. धाकटीला शिवता येत नव्हतं, पण तीही अडून बसली आणि चार माणसांत बोलून गेली, “अक्कांना लेकरू न्हाय. त्या कुणासाठी शिवणार?”

“मशीन तिच्याकडं गेली. तिच्यावर तिनं टीव्ही ठेवला,” अक्का म्हणाल्या. “मशीनचं काय न्हाय, मास्तर. लोखंड ते. पण बोलली त्ये बोललीच.”

मी विचारलं, “मग तुम्ही का येता तिच्याबरोबर?”

“कोण येणार? नवरा गेला तिचा. पोरं पुण्यात, रजा किती काढतील? परत जाताना चक्कर येती तिला. बोलायचं न्हाय म्हणून एसटीत एकटीला सोडू व्हय?” त्यांनी टाका मोजला, एक चुकला होता तो उसवला. “माझा राग हाय की. त्यो काय गेलेला न्हाय. राग घरात ठेवती आणि येती.”

त्या वर्षी दिवाळीच्या आधी अक्कांनी हॉलच्या दाराला तोरण लावायचं ठरवलं. इंजेक्शनच्या बाटल्यांची प्लास्टिकची रंगीत टोपणं रोज टोपलीभर निघत, लाल, निळी, हिरवी, पिवळी. सिस्टरकडून ती मागून घेऊन घरी गरम पाण्यात धुऊन, तापलेल्या सुईनं भोकं पाडून त्यांनी आणली. टोपणांच्या मधे लोकरीची फुलं ओवायची होती. खुर्च्यांवरचे सगळे कामाला लागले. संध्यानं ते आत धाकटीला सांगितलं असावं, कारण एका मंगळवारी मी आत डोकावलो तेव्हा धाकटीनं मला खुणेनं बोलावलं. तिचा सुया टोचलेला डावा हात उशीवर निपचित ठेवलेला होता.

“अक्कांना म्हणावं, मलाबी कायतरी द्या,” ती म्हणाली. “छत बघून डोळं दुखत्यात.”

मी बाहेर येऊन निरोप सांगितला. अक्कांनी हातातलं फूल पुरं केलं. मग स्टीलच्या वाटीत मूठभर टोपणं आणि दोन-चार फुलं घातली, बोथट सुईत दोरा ओवून गाठ मारली आणि वाटी माझ्याकडे दिली. “एका हातानं व्हतंय का बघू, म्हणावं.”

झालं. संध्या आपल्या मोकळ्या हातानं शेजारून दोऱ्याचं टोक धरायची आणि धाकटी उजव्या हातानं एकेक टोपण ओवायची. चार तासांत वीतभर सर झाला. त्यात लागोपाठ तीन निळी, मग दोन लाल, एक फूल उलटं. अक्कांनी तो सर डोळ्यांजवळ धरून पाहिला. मी वाट बघत होतो, आता हा पिशवीत जाणार. पण शुक्रवारी तोरण दाराला लागलं तेव्हा तो सर त्यात होता, तसाच, तीन निळ्यांसकट. ड्रायव्हरकाकांनी माझ्याकडे पाहिलं. 

आत हॉलमध्ये एक सिस्टर होती, चंदगडची. कोवळी पोर, नुकतंच लग्न होऊन कोल्हापुरात आलेली. तिची पहिली संक्रांत आली. माहेर लांब, आई आजारी, आणि सासरी कुणाला हौस नव्हती. ती हे सुई टोचता टोचता सहज धाकटीजवळ बोलली. धाकटीनं संध्याला सांगितलं, संध्यानं मला, मी अक्कांना. पुढच्या खेपेला अक्कांच्या पिशवीतून लोकरीऐवजी हलव्याचे दोन पुडे, पुठ्ठा आणि पांढरा दोरा निघाला. आम्ही सगळ्यांनी मिळून हलव्याचे दागिने केले: हार, बांगड्या, बाजूबंद, कानातली. ड्रायव्हरकाकांच्या जाड बोटांना हलव्याचे दाणे चिकटत होते. ते अक्कांची नजर चुकवून मधेच एखादा तोंडात टाकत. सिस्टरनं ड्युटी संपल्यावर ते दागिने गणवेशावरच घातले आणि आत जाऊन सगळ्या पलंगांपुढून फिरून आली. धाकटीनं मोकळ्या हातानं तिची अलाबला घेतली आणि बोटं मोडली. दाराशी उभ्या असलेल्या अक्का ते बघत होत्या. त्या दिवशी त्या फार दमलेल्या दिसल्या. आम्ही सगळेच दमलेलो होतो. या आजाराला सुटी नसते. सणसुद्धा मंगळवार-शुक्रवार सांभाळून करावा लागतो.

उन्हं तापायला लागली तशी धाकटी खचत गेली. पायांवर सूज राहायची, धाप लागायची. एका शुक्रवारी मशीनवर असतानाच तिचं ब्लडप्रेशर एकदम उतरलं. नातेवाइकांना एरवी आत बसू देत नसत, पण डॉक्टरांनी अक्कांना बोलावलं. पाठोपाठ मीही संध्याजवळ जाऊन उभा राहिलो, म्हणून पुढचं मला ऐकू आलं. धाकटीचा चेहरा राखेसारखा झाला होता. अक्का तिचे तळपाय दोन्ही हातांनी चोळत होत्या.

“अक्का,” धाकटी म्हणाली, “मी त्या दिवशी बोलाय नको व्हतं.”

अक्का चोळायच्या थांबल्या नाहीत.

“गप पड,” त्या म्हणाल्या. “बोलू नकोस. दम लागंल.”

बारा वर्षांनी त्या तिच्याशी बोलल्या ते एवढंच. धाकटीनं डोळे मिटले. तिच्या तोंडावर हसू होतं असं संध्या नंतर म्हणाली. मला तसं दिसलं नाही. मला फक्त अक्कांचे हात दिसत होते. त्या दिवशी तेवढ्यावर निभावलं. पण पुढच्या मंगळवारी त्या दोघी आल्या नाहीत. दुपारी अक्कांचा फोन आला. धाकटी पहाटे घरीच वारली होती.

दिवस झाल्यावर अक्का एकदा फाईल परत करायला आल्या. सिस्टर त्यांच्या गळ्यात पडून रडली. अक्का रडल्या नाहीत. सवयीनं आपल्या खुर्चीवर बसल्या. पिशवी आणली नव्हती. मी त्यांना चहाला चला म्हणालो, तर नको म्हणाल्या.

“लई थकवा आलाय, मास्तर,” त्या म्हणाल्या. “बारा वर्सं राग धरायलाबी ताकद लागती. आता कशालाच उरली न्हाय.” मग दाराकडं बघत म्हणाल्या, “आणि बोलायचं किती राहिलं बघा. मीच तिला गप केली.”

 त्यांच्या एसटीची वेळ झाली तशा त्या उठल्या. आत जाऊन संध्याच्या डोक्यावरून हात फिरवून आल्या आणि गेल्या.

त्यानंतर आमची भेट झाली ती थेट या दिवाळीत. पाडवा उलटल्यावर एका गुरुवारी संध्याला बरं वाटत होतं. तीच म्हणाली, अक्कांकडे जाऊन येऊ. विचारत विचारत गेलो. एकाच अंगणात दोन दारं, मधे कमरेएवढी भिंत. एका दाराला कुलूप होतं. त्याच्यापुढं सडा घातलेला, रांगोळी काढलेली, आणि चौकटीला लोकरीचं भरगच्च नवं तोरण. शेजारचं दार उघडं होतं, त्याच्यापुढंही रांगोळी होती, पण चौकट मोकळी.

अक्का बाहेर आल्या. वाळल्या होत्या, पण आम्हाला बघून चष्मा सारखा करत लगबगीनं चटई अंथरली. पुण्याची पोरं दिवाळीला येऊन दोनच दिवस राहून गेली असं सांगितलं. संध्यानं त्या कुलूपवाल्या दाराकडं बघून विचारलं, “अक्का, तोरण तिकडं, आणि तुमच्या दाराला?”

“लोकर एकाच दाराला पुरली,” अक्का म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

चहा आला. मला पूर्ण कप होता, संध्याला न विचारताच अर्धा. ती तो जपून, घोट घोट प्याली. ऊन उतरायच्या आत आम्ही निघालो. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता.