टेलरबाईंनी कापड आधी भिजवलं

माझ्या भाचीला सगळे टेलरबाई म्हणतात, मीसुद्धा. अंगातला हा सदरा तिच्याच हातचा. बटणं तेवढी मी लावली, म्हणून एक वर आणि एक खाली!

तिचा बाप ट्रक चालवायचा. झोप उडवायच्या गोळ्या खाता खाता गोळ्यांनीच त्याला खाल्लं. पुढं आम्ही डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं ते तिच्या भावावर, कारण नाक बापाचं, चाल बापाची. टेलरबाई म्हणजे आईची छबी. "तुला गं कशाची भीती?" असं मीच मिशीला पीळ देऊन सांगितलं होतं. चौथी पास माणसाची विद्या ती!

एकदा ती शिवते त्या दुकानात गणवेशांची ऑर्डर आली. अडीचशे जोड, आठ दिवस, आणि मशीनवर ही एकटी. चौथ्या दिवशी कटिंगवाली म्हणाली, "घे अर्धी गोळी. झोप उडते, मशीनसारखे हात चालतात बघ."

हिनं घेतली, पण तोंडात नाही टाकली. रुमालात बांधून गाठ मारली आणि सकाळी मला ओढत दवाखान्यात.

"मी आईवर गेलेय. मग मला चालेल ना?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नाकावरून ते कळत नाही. दोघांकडूनही बारीक बारीक पुष्कळ काही उतरतं. त्यानं एखाद्याला गोळीची ओढ चटकन लागते. लागेलच असं नाही. पण एक तपासणी करून खात्री देता येईल, असंही नाही."

माझी मान खाली. ही मात्र ताठ.

"म्हणजे कापड आटणाऱ्यातलं असू शकतं, एवढंच ना? मग काय, आधी भिजवायचं, नंतर कात्री लावायची."

मला काही उमगेना. दुकानात गेल्यावर उमगलं. तिनं रुमालाची गाठ सोडली आणि गोळी सगळ्यांपुढं टेबलावर ठेवली.

"माझा बाप ह्यानं गेला. मला ही कुणी द्यायची नाही, थट्टेतही नाही. माझ्याकडून शंभर जोड होतील. बाकीचे दुसरीकडं द्या."

मालक तडकला. "अख्खी ऑर्डरच हातची गेली तर?"

"ऑर्डर दुसरी मिळेल, काका."

मालक तिच्या बापाचा जुना दोस्त. गोळीकडं बघत पुटपुटला, "बापासारखीच हट्टी आहेस."

"हो," मशीनवर बसत ती म्हणाली, "तेवढं मात्र मी त्याचं घेतलंय."

आठव्या दिवशी तिचे एकशे सहा जोड झाले. बाकीचे शेजारच्या दुकानानं शिवले. आणि कटिंगवालीनं मला हळूच बाजूला घेऊन दवाखान्याचा पत्ता विचारला.